नेमबाजीचा गावगाडा
स्वित्झर्लंडमधील गावोगावची नेमबाज मंडळे चालतात कशी आणि चालवतो कोण?

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ऑलिम्पिक कांस्यपदक पटकावले. दुसऱ्याच दिवशी त्याच रेंजवर याच प्रकारातील महिलांचे सुवर्णपदक स्वित्झर्लंडच्या कियारा लिओने हिने जिंकले. त्याआधी टोकियोत, २०२१ मध्ये, हेच सुवर्णपदक तिचीच देशभगिनी नीना क्रिस्टेन हिच्याकडे गेले होते. जेमतेम नव्वद लाख वस्तीच्या देशाला लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये एकाच प्रकारातील सुवर्ण मिळावे, याचे क्रीडाजगताला कौतुक वाटले. स्वित्झर्लंडमध्ये मात्र रायफल ही आधी गावाची गोष्ट आहे आणि मग खेळाची.

त्या देशात नेमबाजीच्या रेंज बहुतांशी गावाबाहेर, शेताच्या कडेला किंवा टेकडीच्या पायथ्याशी असतात. एका बाजूला लाकडी किंवा काँक्रीटची लांबट शेड, तीनशे मीटर अंतरावर मातीच्या बांधापुढे लक्ष्यांची रांग आणि शेडला लागून छोटेसे उपाहारगृह, असे त्यांचे साधारण रूप. तेथे पगारी कर्मचारी शोधून सापडायचे नाहीत. टेबलाशी बसून नावे नोंदविणारा गृहस्थ दिवसा एखाद्या बँकेत काम करीत असेल, काडतुसे मोजून देणारी बाई शिक्षिका असेल आणि 'गोळीबार थांबवा' असा हुकूम सोडणारा सुतार असेल. हे सर्वजण गावच्या नेमबाज मंडळाचे सभासद. जर्मनभाषक भागात अशा मंडळाला 'शुट्सेनफेराइन' म्हणतात. या मंडळांच्या राष्ट्रीय महासंघाची स्थापना १८२४ मध्ये आराऊ येथे झाली आणि त्याच वर्षी तेथे पहिला संघराज्यव्यापी नेमबाजी महोत्सवही भरला. आजच्या संघराज्याची घटना १८४८ ची. म्हणजे नेमबाजांचा संघ देशाच्या घटनेहून चोवीस वर्षांनी वडील आहे! आज या महासंघाच्या छत्राखाली सुमारे अडीच हजार मंडळे आहेत.

सरकारी काम, बिनपगारी हात

ही मंडळे केवळ हौशी लोकांचे क्लब असती, तर त्यांच्याविषयी एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. त्यांच्यावर राज्याने एक काम सोपविले आहे. स्वित्झर्लंडचे सैन्य प्रामुख्याने नागरिकांचे आहे. पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा असते, ती तुकड्यातुकड्यांनी अनेक वर्षे चालते आणि मधल्या काळात सैनिक आपली रायफल घरी ठेवतो. रायफल घरी आहे, तर ती नीट चालविता येते की नाही, हे वर्षातून एकदा तपासलेच पाहिजे. १८७४ च्या लष्करी व्यवस्थेने सेवेबाहेरील या सक्तीच्या नेमबाजीचा पाया घातला. ही परीक्षा घेते कोण? लष्कर नव्हे, तर गावचे नेमबाज मंडळ.

बोलीभाषेत या परीक्षेला नुसते 'सक्तीचे' असेच म्हटले जाते. मुदत दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत. रायफलधारी सैनिकाच्या घरी आधी पत्र येते आणि सोबत त्याच्या नावाच्या बारकोडच्या चिकटपट्ट्या. ते पत्र, सेवापुस्तिका, ओळखपत्र, स्वतःची रायफल आणि कानांचे संरक्षक घेऊन त्याने कोणत्याही मान्यताप्राप्त मंडळाच्या रेंजवर हजर व्हायचे. तीनशे मीटरवर वीस गोळ्या झाडायच्या; पहिल्या पाच एका प्रकारच्या लक्ष्यावर, उरलेल्या पंधरा दुसऱ्या. सुरुवातीला एकेक, पुढे ठरलेल्या वेळात भराभर. कमाल गुण ८५, उत्तीर्ण होण्यास ४२ लागतात आणि तीनपेक्षा अधिक गोळ्या वाया गेल्या तर गुण असूनही उपयोग नाही. नापास झालेल्यास पुन्हा प्रयत्न करता येतो. तरीही जमले नाही तर लष्कराच्या खास वर्गाला बसावे लागते. जो मुदतीत फिरकलाच नाही त्याच्यासाठी निराळा वर्ग असतो, आणि त्या दिवसाचा लष्करी भत्ता त्याला मिळत नाही. तेथेही दांडी मारली तर शिक्षा.

मुदतीची तारीख जवळ येऊ लागली की रेंजवर झुंबड उडते. शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याची सवय ही काही एकट्या मराठी माणसाची मिरास नव्हे! ऑगस्टच्या अखेरीस येणाऱ्यांत वर्षभर रायफलला हात न लावलेले तरुण पुष्कळ असतात. घाई असते, कंटाळा असतो, आणि हातात युद्धासाठी बनविलेले शस्त्र असते. मंडळाच्या कार्यकर्त्याची खरी कसोटी येथे लागते.

शेडमधील शिस्त

रेंजवर सर्वांत मोठा अधिकार 'शुट्सेनमाइस्टर'चा, म्हणजे नेमबाजी-प्रमुखाचा. हा मंडळाचाच सभासद असतो, पण त्याला लष्कराने घेतलेला अभ्यासवर्ग पूर्ण करावा लागतो आणि ठरावीक काळाने उजळणीही करावी लागते. पदाला पगार नाही. जबाबदारी मात्र पूर्ण आहे. रेंजवर येणारी प्रत्येक रायफल रिकामी, मॅगझिन काढलेले आणि बोल्ट मागे ओढलेला असला पाहिजे. रायफल भरायची ती फक्त गोळीबाराच्या जागेवर, नळी लक्ष्याकडे ठेवूनच. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजूनच हाताळायचे. मारायचे नाही त्याच्या दिशेने नळी करायची नाही. नेम धरला जाईपर्यंत बोट खटक्यापासून दूर. आणि आपले लक्ष्य कोणते याची खात्री, असे चार नियम स्विस सैनिकाला पाठ असतात. पाठ असणे आणि पाळले जाणे यांत जे अंतर असते, ते भरून काढण्यासाठी प्रमुखाचे सहायक नेमबाजांच्या पाठीशी उभे असतात. एखाद्याची रायफल अडकली आणि तो ती हातात घेऊन मागे वळला, तर त्याला तेथल्या तेथे रोखणे हे त्यांचे काम. समोरचा लष्करातील अधिकारी असला तरी रेंजवर गावच्या सुताराचा हुकूम चालतो.

निघताना पुन्हा तपासणी. नळी रिकामी आहे ना, मॅगझिनमध्ये एखादी गोळी राहिली नाही ना, हे दुसऱ्याने पाहायचे. सक्तीच्या नेमबाजीसाठी मिळालेली काडतुसे रेंजवरच संपवायची. उरली तर परत करायची. या दंडकामागे इतिहास आहे. पूर्वी सैनिकाला रायफलीबरोबर काडतुसांचा सीलबंद डबाही घरी ठेवायला दिला जाई. घरगुती हिंसाचार आणि आत्महत्या यांत लष्करी शस्त्रे वापरली गेल्याने वाद पेटला आणि २००७ मध्ये हे डबे परत घेण्याचा निर्णय झाला. रायफलही घरात नको, ती शस्त्रागारात ठेवावी, या मागणीवर १३ फेब्रुवारी २०११ रोजी जनमत घेण्यात आले, ५६.३ टक्के मतदारांनी ती फेटाळली. रायफल घरात राहिली, गोळी मात्र रेंजवरच, अशी आजची विभागणी आहे. साहजिकच काडतुसांचा चोख हिशेब हा मंडळाच्या अब्रूचा प्रश्न झाला आहे.

लक्ष्याकडील काम मात्र हलके झाले आहे. पूर्वी लक्ष्याखालच्या खंदकात माणसे बसत. गोळी लागली की लक्ष्य खाली ओढून भोक बुजवीत आणि लांब दांडीची चकती दाखवून गुण कळवीत. डोक्यावरून गोळ्या जात असताना तासन् तास खंदकात बसण्याचे हे काम. आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये आहेत. गोळी कोठे लागली हे ध्वनिलहरींवरून ठरते आणि नेमबाजाच्या शेजारच्या पडद्यावर क्षणात उमटते. माणसे वाचली, पण यंत्रणेची देखभाल, तिचे सुटे भाग आणि कधीतरी तिची अदलाबदल हा नवा खर्च मंडळाच्या वहीत आला.

खर्चाची वाटणी

मग हे सारे चालते कोणाच्या पैशावर? जागेचा प्रश्न कायद्याने सोडविला आहे. सक्तीच्या नेमबाजीसाठी आणि मंडळांच्या संबंधित कार्यासाठी लागणारी रेंज विनामोबदला उपलब्ध करून देणे, हे लष्करी कायद्याने गावच्या प्रशासनाचे कर्तव्य ठरविले आहे. स्वतःच्या हद्दीत रेंज नसेल तर शेजारच्या गावाशी करार करून त्याच्या खर्चात वाटा उचलावा लागतो. सक्तीच्या नेमबाजीची काडतुसे संघराज्य सरकार देते आणि प्रत्येक सहभागी नेमबाजामागे मंडळाला काही रक्कमही देते. या नेमबाजाकडून मात्र मंडळाला शुल्क घेता येत नाही.

उरलेला भार वर्गणी, स्पर्धांचे प्रवेशशुल्क आणि उपाहारगृह यांवर. भाजलेले सॉसेज आणि बिअर यांची विक्री अनेक मंडळांच्या ताळेबंदात वर्गणीइतकीच महत्त्वाची असते. आपल्याकडील गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदाराला हे गणित समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. सर्वांत मोठी रक्कम मात्र कोठेच लिहिली जात नाही: कार्यकर्त्यांच्या संध्याकाळी. त्यांचा हिशेब मांडायचा ठरविले, तर बहुतेक मंडळे पहिल्याच हंगामात बंद करावी लागतील.

सभासद कोण, पाहुणा कोण

स्विस नागरी कायद्यानुसार असे मंडळ स्थापन करणे अगदी सोपे आहे. लेखी नियमावली असली आणि संस्था म्हणून उभे राहण्याची इच्छा तीत व्यक्त झाली की पुरे. सभासदांना समान मत असते आणि नियमावलीत वेगळे काही नसेल, तर सभासद घेण्याचा व काढण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. सक्तीची नेमबाजी घ्यायची असेल तर याशिवाय कॅन्टनच्या, म्हणजे घटक राज्याच्या, लष्करी प्रशासनाची मान्यता लागते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, नेमबाजी-प्रमुख, तरुणांच्या वर्गाचा प्रमुख आणि हिशेब तपासनीस एवढी पदे भरली की कार्यकारिणी झाली. हिवाळ्यात रेंज शांत असते, तेव्हा वार्षिक सभा भरते. तेथे अहवाल, हिशेब, वर्गणीचा दर, पुढील हंगामाच्या तारखा आणि निवडणूक असा कार्यक्रम. सर्वांत लांबते ती निवडणूक, आणि तीही चुरशीमुळे नव्हे, तर उमेदवार मिळत नाहीत म्हणून.

सभासदांचेही प्रकार आहेत. सक्रिय सभासद स्पर्धेत उतरतो, त्यासाठी महासंघाचा परवाना काढतो; एकाच्या नावावर एक मूळ मंडळ असते आणि दुसऱ्या मंडळात तो दुय्यम सभासद म्हणून जाऊ शकतो. काही जण केवळ वर्गणी देऊन पाठीशी उभे राहणारे, काही सन्माननीय. पंधरा ते वीस वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी तरुण नेमबाजांचा अभ्यासवर्ग असतो आणि त्यासाठी रायफल लष्कराकडून उसनी मिळते. झुरिकमध्ये सप्टेंबरात भरणारा 'क्नाबेनशीसेन' हा मुलांचा नेमबाजी उत्सव तर शहराचाच सण आहे. तेरा ते सतरा वयाची मुले त्यात पाच गोळ्या झाडतात, कमाल गुण ३५. १९९१ पासून मुलींनाही प्रवेश आहे.

या सगळ्यांपलीकडे जो मोठा जमाव रेंजवर येतो, तो सभासद नसतो, आणि मंडळांच्या दुखण्याचे मूळ येथे आहे. एके काळी सक्तीची नेमबाजी करणाऱ्याला कोणत्या ना कोणत्या मंडळाचे सभासद व्हावेच लागे. १९९० च्या दशकातील लष्करी सुधारणांत ती अट गेली. तेव्हापासून सैनिक पाहुण्यासारखा येतो, वीस गोळ्या झाडतो, शिक्का घेतो आणि निघून जातो. त्याचे काही चुकत नाही. कायद्याने त्याच्याकडून एवढेच मागितले आहे. पण पूर्वी सक्तीने आलेल्या शंभरांपैकी पाच-दहा जण रमत, त्यांतून पुढचा चिटणीस किंवा प्रमुख निघे. तो झरा आटला. त्यातच सैन्यही आक्रसले. १९९५ च्या रचनेत सैन्याचे बळ सुमारे चार लाख होते. २००४ च्या सुधारणेत ते राखीव दलासह सव्वादोन लाखांच्या घरात आले आणि २०१८ पासूनच्या रचनेत एक लाखावर. येणारे कमी, म्हणजे त्यांच्यामागे मिळणारी रक्कम कमी. रेंज मात्र तेवढीच, देखभाल तेवढीच.

उलट दिशेने एक नवा प्रवाह आला तो शस्त्रकायद्यामुळे. युरोपीय संघाच्या नियमांशी सुसंगत असा कडक शस्त्रकायदा १९ मे २०१९ च्या जनमतात ६३.७ टक्के मतांनी मंजूर झाला. महासंघाने त्याविरुद्ध प्रचार केला होता. या कायद्यानुसार मोठ्या मॅगझिनची अर्धस्वयंचलित रायफल खेळासाठी विकत घेणाऱ्याने पाच आणि दहा वर्षांनंतर एकतर नेमबाज मंडळाचे सभासदत्व दाखवायचे, नाहीतर पाच वर्षांत किमान पाच वेळा नेमबाजी केल्याचा पुरावा द्यायचा. सेवा संपल्यावर लष्करी रायफल स्वतःकडे ठेवू इच्छिणाऱ्यासाठीही अट आहे: अखेरच्या तीन वर्षांत दोनदा सक्तीची नेमबाजी आणि दोनदा 'फेल्डशीसेन'. फेल्डशीसेन म्हणजे दरवर्षी मे-जूनच्या सुमारास देशभर होणारी मैदानी नेमबाजी. तीत अठरा गोळ्या, कमाल गुण ७२, आणि लाखाहून अधिक लोक भाग घेतात. थोडक्यात, ज्या कायद्याला मंडळांनी विरोध केला, त्याच कायद्याने त्यांच्या सभासदत्वाला कागदोपत्री किंमत आणली. तथापि कागदासाठी आलेला सभासद शनिवारी सकाळी गवत कापायला येईलच, असे नाही.

सभासद पारखून घेण्याची जबाबदारीही यामुळे वाढली. कोणाच्या हाती शस्त्र असावे हे ठरविणे पोलिसांचे काम आहे; पण माणसाच्या वागण्यातील बदल आधी दिसतो तो दर आठवड्याला त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्याला. एखाद्याला रेंजवरून परत पाठविणे, वेळप्रसंगी त्याचे सभासदत्व काढून घेणे, हे एकाच गावात राहणाऱ्यांना किती जड जाते, हे सांगायला नको. भारतात रायफल क्लब सरकारी परवान्यावर चालतात आणि शस्त्रकायदा १९५९ चा व शस्त्रनियम २०१६ चे, अशी त्यांची चौकट असल्याने पारख मुख्यतः प्रशासनाच्या दारात होते. स्वित्झर्लंडमध्ये तिचा बराचसा भाग मंडळाच्या बाकावर होतो.

शिसे आणि शेजारी

मंडळांच्या पुढ्यातील दोन प्रश्न पैशाने सुटणारे आहेत, पण तो पैसा मोठा आहे. पहिला शिशाचा. पिढ्यान् पिढ्या एकाच बांधात गोळ्या रुतत राहिल्याने तेथील माती विषारी झाली आहे. अशा सुमारे चार हजार जागा देशात नोंदल्या गेल्या. माती खणून काढणे, तिची विल्हेवाट लावणे आणि पुढे शिसे जमिनीत जाऊ नये म्हणून लक्ष्यामागे कृत्रिम गोळीरोधक पेट्या बसविणे, असा त्यावरचा उपाय आहे. पेटीच्या आत रबराचे दाणे भरलेले असतात. गोळी त्यांत अडकते. संघराज्य सरकारने सफाईच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखविली, पण २०२० च्या अखेरीनंतरही जमिनीत गोळ्या जात असतील तर मदत नाही, अशी मेख मारली. मुदतीपूर्वी पेट्या बसविणे परवडेना, म्हणून काही ठिकाणी रेंजच बंद करण्याचा मार्ग पत्करण्यात आला.

दुसरा प्रश्न आवाजाचा. रेंज आधी होती, घरे नंतर आली, हा नेमबाजांचा युक्तिवाद. तो खरा असला तरी रविवारी सकाळी तीनशे मीटरच्या रायफलीचा आवाज ऐकणाऱ्याचे त्याने समाधान होत नाही. आवाजाच्या नियमांत वर्षातील गोळीबाराचे अर्धे दिवस मोजले जातात. त्यामुळे कोणत्या शनिवारी स्पर्धा, कोणत्या संध्याकाळी सराव आणि सक्तीच्या नेमबाजीला किती वेळ, ही वाटणी काटेकोर करावी लागते. गोळीबाराच्या जागेपुढे ध्वनिरोधक बोगदे बसविले जातात. शेजाऱ्यांशी गोडीगुलाबीने राहणे हे मात्र कोणत्याही बोगद्याहून उपयोगी पडते, असे म्हणावे लागेल. फेल्डशीसेनला सगळ्या गावाला आमंत्रण असते, काडतुसे फुकट असतात आणि कधीही रायफल न धरलेल्या शेजाऱ्याला शिकवायला माणूस उभा असतो. तक्रार करणाऱ्याला एकदा पाहुणा म्हणून बोलावण्यामागे हा हिशेबही असतोच.

या साऱ्याचा परिणाम म्हणून मंडळे विलीन होऊ लागली आहेत. दोन-तीन गावांच्या रेंज बंद करून एकच सामाईक रेंज ठेवणे प्रशासनाला स्वस्त पडते, यंत्रणा चांगली मिळते आणि नेमबाजी-प्रमुखही पुरतात. तोटा हा की पायी येणारा पोरगा आता वडिलांनी मोटारीने आणल्याशिवाय येऊ शकत नाही. तीनशे मीटरचा पल्ला १९७२ नंतर ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे पदकाच्या आशेने येणारी मुले दहा आणि पन्नास मीटरकडे वळतात. जुन्या रेंजवर उरतात ती मुख्यतः गावाशी बांधलेली माणसे. विलीनीकरणाच्या सभेत हिशेब फारसा वादाचा होत नाही. दोन्ही वह्या टेबलावर असतात. वाद रंगतो तो वेगळ्याच मुद्द्यांवर. नव्या मंडळाचे नाव काय, दोन्ही गावांची नावे जोडायची तर आधी कोणाचे, जुना रेशमी ध्वज कोणाच्या भिंतीवर लावायचा, आणि बंद पडणाऱ्या रेंजच्या उपाहारगृहातील ढालींचे कपाट कोणी न्यायचे. ते एका बैठकीत सहसा मिटत नाही.